बाहेरचा व्यापार

दुसरी पाळी सुटली की एक वाजता मी रोमला पोचतो.
उद्यमनगरातून सायकल, मग शुक्रवार पेठेतला जिना,
आणि भाच्याचा कॉम्प्युटर जागा व्हायला लागणारी
तीन मिनिटं.
मुबीन तोंडावर हात टाकून झोपलेला.
खेळ त्याचाच. त्याला तलवारी पाहिजेत, रिंगण, उडणारं रक्त.
शिकलगाराचं पोरगं, पण आजाच्या चाकावरची
ठिणगी त्यानं बघितलेली नाही.

मी शहर बांधतो.
सुरुवातीला त्यांनी राज्यपालाचं नाव विचारलं,
मी टाइप केलं : दस्तगीर शिकलगार, मोल्डर.
खेळानं काही हरकत घेतली नाही.
टेकडीवरनं कमानी-कमानींनी पाणी आणलं,
तरी तिसऱ्या वर्षी बायकांच्या डोक्यावर
निळे थेंब लुकलुकायला लागले.
ते मला वाचता येतात.
आमच्यात नळाला एक दिवसाआड, पहाटे चारला.
रोममध्ये मोटर लावून शेजाऱ्याचं ओढायची सोय नाही,
एवढं एक त्यांच्यात कमी.

मुबीनच्या आग्रहानं आखाडा बांधला.
आठ हजार माणूस बसलं. एक पडला,
आणि उठला तर पाठ कोरी!
मी खासबागेत पायरीवर बसून भुईमूग खाल्लेला माणूस.
म्हटलं, हरलेल्याच्या पाठीला
माती तरी दाखवा रे.

खरी गंमत बंदरात आहे.
दारूचे रांजण भरायचे, जहाज सोडायचं,
ते पडद्याच्या उजव्या कडेला जातं
आणि जातंच.
वर आकडा येतो : बाहेरचा व्यापार, अधिक चाळीस.
"कुठं जातंय रे हे?"
"कुठंच नाही, मामू. नकाशा संपला की पुसून टाकतात."

माझी सुट्टी सोमवारी. म्युझियमही सोमवारी बंद.
म्हणून बुधवारी अर्धी रजा टाकली
आणि टाउन हॉलला गेलो.
काचेच्या आत, वीतभर उंचीचा, काळपट हिरवा, उघडाबंब.
समुद्राचा देव.
ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला,
जिथनं समुद्र दिसत नाही, नुसती पंचगंगा दिसते.
एक हात वर. त्यात काहीतरी होतं, आता नाही.
शाळेच्या मुली हसून पुढं गेल्या.
मी तासभर थांबलो, कारण मी ओतकाम बघत होतो.
मेण कुठं वितळून गेलं, धातू कुठनं शिरला,
काखेत जरा गोळा राहिलाय की माझा भास.
झाली असेल त्याला घाई.
कुणीतरी दारात येऊन म्हटलं असेल,
जहाज थांबत नाही, आवर.

कुणी घेतला असेल आमच्या इथं?
काय मोजलं? मिरी, कापड?
गूळ तेव्हा होता का, विचारणार होतो,
पण वॉचमन डबा उघडून बसला होता.
घेणाऱ्यानं घरी नेल्यावर
बायको काय म्हणाली असेल, ते मात्र
कुणाला विचारायची गरज वाटली नाही.
मग पूर, गाळ, वर घरं, परत पूर.
एकोणीस साली आमच्या जिन्याच्या नवव्या पायरीला
पाणी होतं. आम्ही वर बसून पायऱ्या मोजत होतो,
खाली अजून कोण कोण आहे
हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

आज रात्री धान्य, दंगा, थेंब, सगळं सोडून
मी एकच जहाज भरलं.
रांजणांमध्ये एक जागा रिकामी ठेवली, वीतभर.
ते कडेला गेलं, तसं मी पडद्याच्या बाहेर,
प्लॅस्टिकच्या चौकटीवर बोट ठेवलं,
मग टेबलाच्या फळीवर, मग भिंतीवर,
ओल धरलेल्या पोपड्यांवरनं, हळूहळू,
बैलांना दम खायला देत.
वर टक् वाजलं. अधिक चाळीस.

मुबीन कूस बदलून झोपेतच म्हणाला,
"मामू, सेव्ह केलंस काय?"
थांब म्हटलं.
माल अजून घाट चढतोय.